घाडगे मॅडम आणि वर्षभराच्या माहेरवाशिणी

घाडगे मॅडमच्या तासाला 'जनजागृती' हा शब्द जिच्या तोंडून निघेल ती वर्गाबाहेर. शिवी दिली असती तर बहुधा चाललं असतं, मॅडमनी ती कुठल्या तालुक्याची एवढीच चौकशी केली असती. पण जनजागृतीला माफी नव्हती. "लोक काय झोपलेत व्हय गं? तू उठायच्या आधी धारा काढून मोकळे झालेत. त्यांना कुठं जागं करायला निघालीस?" असं म्हणून त्या दाराकडे बोट करायच्या. आमच्यातल्या निम्म्याजणी कम्युनिटी हेल्थ नर्सिंग व्हरांड्यात उभ्या राहून शिकल्या आणि पासही झाल्या, यावरून व्हरांड्याचा दर्जा लक्षात यावा.

कॉलेज मिरजेत. या गावात दगड भिरकावला तर तो एकतर डॉक्टरला लागतो नाहीतर तंबोरे करणाऱ्याला. अशा गावात नर्सिंग शिकायला मिळणं हे केवढं भाग्य, असं आमच्या प्राचार्या प्रत्येक समारंभात सांगत, आणि समारंभ दर आठवड्याला असे. घाडगे मॅडम शेवटच्या रांगेत बसून भडंग खात. भडंगाचा स्टीलचा डबा त्यांच्या पर्समध्ये कायम असायचा. भाषण लांबलं की मागून झाकण उघडल्याचा टक्क आवाज यायचा आणि प्राचार्यांचं वाक्य हमखास अडखळायचं.

बाई बुटक्या, काटक. अंबाडा इतका आवळलेला की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत आणि चेहऱ्यावर सदैव आश्चर्य. हातात बारा महिने छत्री. आणि हिरवं पेन. "हिरव्या शाईनं साहेब लोक सह्या करतात. मला कुणी साहेब केलं नाही, म्हणून पेन माझं मीच घेतलं," असं त्या सांगत. त्या पेनानं आमच्या वह्यांचं जे काही व्हायचं ते बघून आमच्या आईबापांना फी परत मागावीशी वाटली असती.

आम्हाला आईबापांनी चांगली नावं ठेवली होती. मॅडमनी ती कधी वापरली नाहीत. त्या तालुक्यावरून हाक मारायच्या. मी ऊसवाल्यांच्या घरातली, वाळव्याची, म्हणून "ए वाळवा". माझ्या खोलीतल्या दोघी 'जत' आणि 'तासगाव'. मिरजेच्याच मुली बऱ्याच होत्या, त्यांना हाक मारली की अर्धा वर्ग उभा राहायचा, पण मॅडमना ते सोयीचं वाटे. सूड म्हणून आम्ही त्यांना पाठीमागं 'माण' म्हणायचो. त्या मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. एरवी शुद्ध तुपातलं मराठी, पण चिडल्या की तूप उतू जायचं आणि खाली माण लागायचं. कुठलं गाव, घरी कोण, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "आता सगळे मुंबईला," आणि विषय संपायचा.

राहायला त्या तंबोरेवाल्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. घरी नवरा, रिटायर्ड सुभेदार. सगळी नोकरी सीमेवर काढलेला तो भला माणूस स्वतःच्या घरात चप्पल कुठं काढायची हे विचारून काढायचा. खाली दुकानात दिवसभर एकच तार लावणं चाललेलं असे आणि वर मॅडम आमचे पेपर तपासत असत. "खालच्यांना संध्याकाळपर्यंत सूर सापडतो. मला तुमच्या पेपरात अजून काही सापडलं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

तर शेवटच्या वर्षाला मॅडमनी आम्हाला पॉलिसी ब्रीफ लिहायला सांगितलं. म्हणजे आरोग्याच्या बाबतीत कुठं काय बिघडलंय आणि काय केलं की दुरुस्त होईल, हे वरच्या साहेबाला थोडक्यात सांगायचं. आम्हाला हॉस्टेलच्या मेसमध्ये वांग्याची भाजी बंद करता येत नव्हती, आणि आम्ही राज्याचं धोरण सुचवणार होतो. पण मार्क होते, म्हणून आम्ही उत्साहानं लागलो.

माझं ब्रीफ बघण्यासारखं होतं. स्पायरल बायंडिंग, मुखपृष्ठावर दोन हातांत धरलेली पृथ्वी, आत पानभर आभार: आईवडील, प्राचार्या, ग्रंथपाल, झेरॉक्सवाले काका. जतनं मोबाईलला विचारून लिहून आणलं होतं. त्यात 'बहुआयामी आणि सर्वसमावेशक दृष्टिकोन' इतक्या वेळा आला की आम्हाला वाटलं हे नवीन औषध आहे. मॅडमनी माझं बाड हातावर तोललं. "रद्दीवाला खूश होईल गं." मग सगळी पानं उलटून थेट शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "शासनानं योग्य ती पावलं उचलावीत."

"कुठली पावलं?"

"योग्य ती, मॅडम."

"उचलणार कोण?"

"शासन."

"ते कुठं राहतं? दारात कुत्रं असतं का त्याच्या? आगं वाळवा, माणूस सांग. कुणाच्या सहीनं होईल हे, त्याचं पद सांग. सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन, पंखा लावून, चहा पिऊन झाल्यावर त्यानं नेमकं काय करायचं? ते सांगता येत न्हाई तर गप घरी जा, लगीन कर."

हा "कोण करणार?" त्या जन्मभर विचारत आल्या होत्या. स्टाफ मीटिंगमध्येही विचारायच्या, म्हणून त्यांना मीटिंगची सूचना उशिरा मिळे. ब्रीफबद्दल त्यांचे दोनच नियम होते. शिफारस एकच करायची आणि सगळं एका पानात बसवायचं. दुसरं पान का नको, याचं कारण त्या फार आनंदानं सांगत. पूर्वी कधीतरी त्यांनी एका अहवालाच्या दुसऱ्या पानावर मधेच लिहून ठेवलं होतं, 'हे वाक्य वाचणाऱ्यास माझ्याकडून चहा व भजी.' अहवाल तीन टेबलांवरून फिरून, सह्या, शिक्के घेऊन आणि 'सखोल अभ्यासपूर्ण' असा शेरा मिरवत परत आला. "भजीला अजून कुणी आलेलं नाही," मॅडम म्हणायच्या. "मी वाट बघतीय."

आमच्या प्राचार्यांचं धोरण वेगळं होतं. त्यांचा विश्वास रांगोळी, रॅली आणि फोटोवर. हात धुण्याच्या दिवशी त्यांनी आम्हाला ग्रामीण पोस्टिंगच्या गावी नेऊन, बॅनर लावून, हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या करून दाखवायला लावल्या. टँकर आलेला नव्हता, म्हणून आम्ही हवेतच हात धुतले. अगदी बोटांच्या बेचक्यांसकट. पुढं बसलेली एक म्हातारी शेवटपर्यंत मन लावून बघत होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं पदर पुढं केला. "पोरीनु, हात पुसायला टावेल देऊ का?" प्राचार्यांनी तेवढा फोटो काढू नका म्हणून सांगितलं. घाडगे मॅडम झाडाखाली जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांची छत्री बराच वेळ हलत होती.

हे पोस्टिंगचं गाव हे एक कोडंच होतं. बाकीची कॉलेजं मिरजेच्या जवळपासचं, रस्त्यावरचं, जेवणाची सोय असलेलं गाव निवडतात. मॅडमनी कुठल्या कुठल्या परवानग्या काढून थेट माणात, सातारा जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाला, एक वाडी शोधून काढली होती. एसटी तिथं थांबायची ती दमली म्हणून. बाभळी, शेरडं, कुलपं लावलेली घरं आणि एक आरोग्य उपकेंद्र. वाडीच्या खालच्या अंगाला कोरडा ओढा, आणि ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. पलीकडं एक वस्ती होती, मेंढरं राखणाऱ्यांची. सरकारी हिशेबानं त्या वस्तीचं उपकेंद्र सांगली जिल्ह्यातल्या एका लांबच्या गावात होतं. तिथं जायला आधी साताऱ्याच्या हद्दीत येऊन एसटी धरावी लागे. नकाशा ज्यानं काढला त्यानं तो बसून काढला असावा.

उपकेंद्रावर मंगल सिस्टर होत्या. कंत्राटी आरोग्यसेविका, दरवर्षी मार्चमध्ये नोकरी संपणार आणि साहेबांची मर्जी असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होणार. नवरा मुंबईला माथाडीत, पदरात दोन मुली. लसीकरणाच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या बायका लेकरं काखेला मारून यायच्या आणि सिस्टर त्यांना टोचायच्या. मग रजिस्टरात लिहायचं काय? लाभार्थी तर दुसऱ्या जिल्ह्याची. सिस्टरनी त्यावर आपल्याकडचा अगदी घरगुती तोडगा काढला होता. प्रत्येकीपुढं त्या लिहायच्या, 'माहेरी आलेली'. बाळंतपणाला, सणाला बाई माहेरी येते, तिथल्या सिस्टरनं तिला टोचलं तर कोण काय बोलणार? गोष्ट इतकी सोपी होती की त्यांना त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. फक्त झालं असं की अख्खी वस्ती वर्षभर माहेरी आलेली राहिली. पोळ्यालाही माहेरी, शिमग्यालाही माहेरी. परत सासरी म्हणून कुणी गेलंच नाही.

हे ऑफिसातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं. (दुसरं पान वाचणारा माणूस शेवटी सापडला, पण तो भजीला आला नाही.) खोट्या नोंदी केल्याबद्दल सिस्टरना कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा समाधानकारक नसेल तर मार्चनंतर कंत्राट वाढणार नाही, आणि तोवर कार्यक्षेत्राबाहेरच्या कुणालाही टोचायचं नाही. आम्ही पोस्टिंगला पोचलो तेव्हा सिस्टर उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या, आणि ओढ्याच्या काठावर चार बायका लेकरं घेऊन उभ्या होत्या.

"मी काय चोरी केली व मॅडम?" सिस्टर म्हणाल्या. "पोरांनाच टोचलं न्हवं? त्यास्नी माघारी लावू तर पाप, आन टोचू तर माझ्या पोरी उपाशी. सांगा तुमीच."

मॅडमनी छत्री मिटली, ओढ्याकडं बघितलं. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "वाळवा, जत, तासगाव. ब्रीफला विषय पाहिजे होता ना? हा घ्या. आणि याला मार्क न्हाईत. मार्चच्या आत झालं तर पास, न्हाईतर सगळ्याच नापास. मी धरून."

त्या दिवसापासून आमच्या हालांना पारावार राहिला नाही. अंगणवाडीच्या व्हरांड्यात बसून आम्ही लिहायचो आणि मॅडम खोडायच्या. तासगावनं 'अत्यंत दुर्गम' लिहिलं. मॅडमनी विचारलं, "कुणाला दुर्गम? ती बाई रोज जाते-येते." मी 'निरक्षर माता' लिहिलं. "टोचायला सही लागते का?" जतनं मोबाईल काढला तर मॅडमनी तो भडंगाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. शेवटी जे पान उरलं त्यात एकही देखणं वाक्य नव्हतं. ओढ्यापलीकडं किती लेकरं आहेत, त्यांचं उपकेंद्र कुठं आहे आणि तिथं जायला वाट कुठून आहे, मग ती येतात कुठं, एवढं होतं. आणि शिफारस: ही वस्ती आरोग्यसेवेपुरती या उपकेंद्राला जोडावी, त्यासाठी साताऱ्याच्या आणि सांगलीच्या साहेबांनी एका आदेशावर दोन सह्या कराव्यात. बस्स. खाली 'कोण करणार' या ओळीत दोन पदं. मला ते पान फार दरिद्री वाटलं. मुखपृष्ठावरची पृथ्वी तरी ठेवा म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, "ती हाय तिथं हाय. तू ओढ्याचं बघ."

मग आम्ही ते पान घेऊन साताऱ्याला गेलो. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच वाटेल. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी पान वाचलं. एक पान असल्यामुळं त्यांना सुटका नव्हती.

"वस्ती सांगलीची आहे, मॅडम. विषय सांगलीचा."

"सिस्टर कुणाची?"

"आमची."

"नोटीस कुणी दिली?"

"आम्ही."

"मग विषय तेवढा सांगलीचा?"

"मुलं सांगलीची ना."

"त्यांना टोचलं कुणी?"

"आमच्या सिस्टरनं. तेच तर चुकलं तिचं." भाऊसाहेबांनी शिक्का उचलला. "आवकमध्ये देऊन जा. साहेब बघतील."

दुसऱ्या दिवशी सांगली. तिथले भाऊसाहेब जास्त प्रेमळ होते, त्यांनी चहा दिला. चहा संपल्यावर म्हणाले, "उपकेंद्र साताऱ्याचं आहे, मॅडम. आम्ही त्यांच्या कामात कसं पडणार?" मॅडमनी कप खाली ठेवला. "बरोबर आहे. शेजारधर्म पाळलाच पाहिजे," म्हणाल्या, आणि आवकचा शिक्का घेऊन बाहेर पडल्या.

आमचं पान त्यानंतर प्रवासाला निघालं. साताऱ्यानं ते 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' सांगलीला पाठवलं, सांगलीनं 'आपल्या कार्यक्षेत्राशी संबंधित' म्हणून साताऱ्याला. मग कुणीतरी ते मार्गदर्शनासाठी वर पाठवलं, आणि वरच्यांनी खाली. दर शनिवारी मॅडम फोन करून विचारायच्या, "पोहोचलं का कुठं?" इकडं मार्च जवळ आला. सिस्टरनी मुंबईला धुण्याभांड्याची कामं मिळतात का याची चौकशी सुरू केली होती. लसीकरणाच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या बायका काठापर्यंत येऊन उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. एकदा सिस्टरनीच दार आतून लावून घेतलं, त्या बायका दिसू नयेत म्हणून. हे सिस्टरनी मॅडमना सांगितलं, मॅडमनी मला फोनवर, आणि पुढं खालच्या दुकानातली तार तेवढी फोनमधून ऐकू येत राहिली.

आणि मग एके दिवशी ते पान आमच्याच कॉलेजात परत आलं. कडेला शेऱ्यांची दाटी, आणि वर टाचलेलं पत्र: 'सदर विषयी आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करून अहवाल सादर करावा.' प्राचार्या घाबरल्या. शासनाचं पत्र म्हटलं की त्यांचा घसा कोरडा पडायचा. "घाडगे मॅडम, हे काय ओढवून घेतलंत? आता आपण काय करायचं?"

मॅडमनी पत्र वाचलं, परत वाचलं. भडंगाचा डबा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्राचार्यांपुढं धरला. "घ्या. आदेश आलाय."

त्याच दुपारी आमच्या कॉलेजातून सातारा आणि सांगली, दोन्हीकडं पत्र गेलं. 'आपल्या आदेशानुसार या महाविद्यालयाने आपल्या स्तरावर उचित कार्यवाही केली असून, सदर वस्ती आरोग्यसेवेपुरती सदर उपकेंद्रास जोडली आहे. आरोग्यसेविकेस तसे कळवले आहे. अहवाल सादर.' खाली सही प्राचार्यांची. बिचारीला आदेशाचं पालन केल्याचं समाधान होतं. नर्सिंग कॉलेजनं दोन जिल्ह्यांच्या हद्दीत हात घातलाय, हे तिच्या लक्षात आलं तोवर पोस्टमननं दोन्हीकडच्या पोचपावत्या आणून दिल्या होत्या.

काय सांगू! ज्या दोन साहेबांना हिवाळाभर एकमेकांचा फोन लागत नव्हता, त्यांना तो लगेच लागला. कोण हे कॉलेज? कुणाच्या अधिकारात? तातडीची संयुक्त पाहणी ठरली. ओढ्याच्या एका काठावर साताऱ्याची जीप आली, दुसऱ्यावर सांगलीची. कोण कुणाच्या हद्दीत उतरणार यावर थोडा विचार झाला आणि शेवटी दोघं साहेब ओढ्याच्या मधोमध वाळूत भेटले. मॅडम आधीच तिथं छत्री उघडून उभ्या होत्या, भर उन्हात, आम्हा तिघींना मागं घेऊन.

सांगलीच्या साहेबांनी वस्तीतल्या एका बाईला विचारलं, "तुमचं उपकेंद्र लांब पडतं का?"

"गाडीनं न्हाई लांब," बाई म्हणाली. "तुमी आलासा तसं. आमाला गाडी धाडतासा का?"

"आणि तुम्ही रजिस्टरला माहेरी आलेली असं का लिहायला लावलंत?" साताऱ्याच्या साहेबांनी जरा दरडावून विचारलं.

बाईनं मंगल सिस्टरकडं बघितलं. सिस्टरचा चेहरा पांढराफटक. बाई म्हणाली, "आमी कुठलं लावतोय? आमाला कुटं लिवता येतंय? पर सायब, ताप आला तर पाणी इचारतंय, लेकराला मांडीव घेतंय, त्या दाराला आमी माहेरच म्हंतो. दुसरं काय म्हंत्यात तुमच्यात?"

तेव्हा मॅडम बोलल्या, आणि आवाज चढवून नव्हे. "साहेब, ही नोंद खोटी आहे, मान्य. सिस्टर चुकली. तिला खरं लिहायला जागा ठेवली नव्हती आपण. एक रकाना द्या, ती खरं लिहील. सही कोण करणार, तेवढं सांगा. मी पेन आणलंय." आणि खरोखरच त्यांनी ते हिरवं पेन पुढं केलं. ते कुणी घेतलं नाही, कारण ओढ्यात उभं राहून सही करायची पद्धत नसते. पण दोन्ही साहेब एकमेकांकडं बघून हसले, आणि मला तेव्हाच वाटलं, झालं.

आदेश मार्च संपायच्या आत आला. वस्ती जोडली, नोटीस दफ्तरी दाखल, कंत्राट पुढं चालू. सिस्टर फोनवर नुसत्या रडत होत्या, त्यांच्या पोरी मागं ओरडत होत्या, आणि आम्ही तिघी हॉस्टेलच्या जिन्यात नाचलो. वांग्याची भाजीसुद्धा गोड लागली. मॅडमनी आदेशाची प्रत वर्गात वाचून दाखवली. शेवटच्या ओळीवर मात्र थांबल्या. चेहऱ्यावरचं कायमचं आश्चर्य पहिल्यांदा खरं झालं. तिथं लिहिलं होतं, 'सदर महाविद्यालयाने या भागात केलेल्या उल्लेखनीय जनजागृतीबद्दल अभिनंदन.'

तीही ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, त्या शब्दासकट. मॅडमनी हिरवं पेन काढलं, शासनाच्या आदेशातला तो शब्द शांतपणे खोडला, समासात 'कोणी केली?' असं लिहिलं आणि प्रत नोटीस बोर्डावर लावायला माझ्या हातात दिली. मग स्वतःच दार उघडून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. नियम म्हणजे नियम. पाठमोऱ्या होत्या, आणि छत्री आत टेबलावर राहिल्यामुळं या वेळी खांदे हललेले आम्हाला दिसले. हसत होत्या की काय, ते बघायला जायची हिंमत कुणाला झाली नाही.

पुढं मी साताऱ्याला नोकरीला लागले. मॅडम रिटायर झाल्या, सुभेदार गेले, हे जतकडून कळलं. मी फोन केला तर म्हणाल्या, "रडू नकोस. कोण करणार आहे आता घरातली कामं, ते सांग," आणि फोन ठेवला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वाडीत. आमच्या हॉस्पिटलचं तपासणीचं शिबिर होतं, मुद्दाम नाव घालून गेले. लसीकरणाचा दिवस होता. ओढ्यापलीकडच्या बायका उघडपणे, बोलत-हसत, सरळ वाटेनं येत होत्या. मंगल सिस्टर आता जाड झाल्या होत्या आणि चष्मा लावून हुकूम सोडत होत्या. आणि बाकावर, बायकांच्या रांगेत, छत्री मांडीवर घेऊन घाडगे मॅडम बसल्या होत्या. अंबाडा सैल झालेला, भुवया खाली आलेल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

"मॅडम, तुम्ही इथं?"

"बीपी बघायला आले."

"मिरजेत डॉक्टर संपले की काय?"

"लय हायेत गं वाळवा. त्यांना चुकवत चुकवतच आले." उपकेंद्राच्या दारातून समोरचं एक घर दिसत होतं, लिंबाखालचं, कुलूप गंजलेलं, भिंतीचा एक कोपरा ढासळलेला. पोस्टिंगच्या दिवसांत आम्ही त्या घराच्या ओट्यावर बसून डबे खाल्ले होते, आणि मॅडम तेवढ्या कधी आमच्याबरोबर तिथं बसल्या नव्हत्या. त्या आत्ता त्याच घराकडं बघत होत्या. पोस्टिंगला हे गाव त्यांनी का शोधून काढलं, ते मला त्या बाकावर कळलं. विचारायची गरज राहिली नव्हती.

त्यांची पाळी आली. सिस्टरनी बीपी घेतलं, रजिस्टर पुढं ओढलं, आणि नेहमीच्या सवयीनं, मान खाली घालूनच विचारलं, "राहणार?"

मॅडम अगदी हळू, पण पक्क्या माणातल्या बोलीत म्हणाल्या, "लिव. माहेरी आलेली."

सिस्टरचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून मॅडमकडं बघितलं, मग दारातून त्या घराकडं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. सिस्टरनी लिहिलं. मॅडमनी रजिस्टर आपल्याकडं वळवलं, पर्समधून हिरवं पेन काढलं, ती ओळ बोट फिरवून वाचली, आणि पेन न उघडताच परत पर्समध्ये ठेवलं.